फोनवरील गाण्याची पारख

आमच्या वाचकांपैकीं असा विद्यार्थी क्वचितच आढळेल, कीं ज्यानें आपल्या अगर आपल्या वडिलांच्या फोनवर गाणें ऐकलें नाहीं. ज्या घरांत पूर्वीं साधा रेडिओही नव्हता, त्या घरांत आज तळहातावर मावणाऱ्या यंत्रांतून हजारों गाणीं ऐकावयास मिळतात. आणि आपल्याजवळची वस्तु शेजाऱ्याच्या वस्तूहून सरस आहे असें वाटणें हा तर मनुष्यस्वभावच आहे. तेव्हां अमक्याचा फोन गोड वाजतो कीं तमक्याचा, हा वाद मुलांमध्यें नित्य चालतो. तो कसा सोडवावा याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींही ते वाचावे अशी आमची विनंती आहे. कारण या वादाचा खर्च शेवटीं त्यांच्याच खिशांतून होतो.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या तालमीकरितां त्या दिवशीं फोन आणण्याची मोकळीक होती, आणि मुसळधार पावसामुळें नववीचीं मुलें वर्गांतच अडकून पडलीं होतीं. दोन मुलांनीं आपापले फोन एका बाकावर ठेवून त्यांवर एकच गाणें पाळीपाळीनें लावलें. एक फोन नवा व भारी किंमतीचा. दुसरा चार वर्षांचा, कोपऱ्यांत कांच तडकलेला. वर्गानें एकमुखानें नव्या फोनास कौल दिला. त्याचा आवाज "मोकळा" आहे, "स्वच्छ" आहे, असे अभिप्रायही मिळाले. आम्हीं सहज गंमत म्हणून नव्या फोनचा आवाज दोन पायऱ्या खालीं आणविला आणि मुलांस भिंतीकडे तोंड करून बसण्यास सांगितलें. या वेळीं बहुतेकांनीं जुन्या फोनच्या बाजूनें हात वर केले! नव्या फोनच्या धन्याचें तोंड उतरलें. वास्तविक लबाडी कोणींच केली नव्हती. पहिल्या वेळीं नवा फोन किंचित् मोठ्यानें वाजत होता, दुसऱ्या वेळीं जुना. आणि दोन्ही वेळां कौल मोठ्या आवाजास मिळाला होता, एवढेंच.

असें कां व्हावें? कान हा तराजूसारखा निःपक्षपाती नाहीं. अमेरिकेंतील फ्लेचर व मन्सन या दोन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं पुष्कळ प्रयोग करून असें दाखविलें, कीं सेकंदास तीन ते चार हजार कंपनें होणारे स्वर आपल्या कानास सर्वांत सहज ऐकूं येतात. खर्जाकडील स्वर मात्र हळू वाजत असले तर कान त्यांची फारशी दाद घेत नाहीं. आवाज जसजसा वाढवावा तसतसे हे खालचे स्वरही वर येतात, आणि गाणें भरदार वाटूं लागतें. गाण्यांत नवें कांहींच आलेलें नसतें. आलेला असतो तो केवळ जोर. तो जोर जर अगदीं थोडा असेल, तर "हें मोठ्यानें वाजतें" असें आपणांस वाटत नाहीं, "हें चांगलें वाजतें" असें वाटतें. सारी फसगत येथेंच आहे. म्हणून पारख करण्याचा पहिला नियम हा, कीं दोन्ही आवाज आधीं सारखे करावे. एका ठरावीक अंतरावर तिसरा फोन ठेवून त्यावर आवाज मोजण्याचें ॲप लावलें कीं हें काम होतें. अशा ॲपचा आंकडा अगदीं बिनचूक नसतो. परंतु दोन आवाज एकमेकांबरोबर आणण्यास तो पुरतो.

दुसरी गोष्ट अशी, कीं आपण नेमकी कशाची पारख करीत आहों हें आधीं ठरविलें पाहिजे. एका गृहस्थांनीं आमच्याकडे तक्रार केली, कीं अब्दुल करीम खांसाहेबांचें जुनें गाणें लावलें असतां त्यांच्या फोनमधून खरखर ऐकूं येते, सबब फोन बिघडला असावा. फोन बिचारा निर्दोष होता. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण सुरू झालें त्या काळीं, म्हणजे १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान गायिली तेव्हां, विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें, त्या आवाजाच्या धक्क्यानेंच सुई हलावी आणि तिनें मेणावर रेघ कोरावी, अशी ती रीत होती. एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. कर्ण्यानें मधले स्वर तेवढे पकडले. तंबोऱ्याचा खर्ज आणि उच्चारांतील बारीक सकार-शकार बहुतेक हरपले. १९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें तेव्हां हा उणेपणा पुष्कळ भरून निघाला. खांसाहेबांनीं १९०५ च्या सुमारास कर्ण्यापुढें गायिलें आणि पुढें आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मायक्रोफोनपुढेंही गायिलें. १९३७ सालीं ते निवर्तले. दोन्ही काळांतील गाणीं एकाच फोनवर एकापाठोपाठ लावून पाहावीं. फोन तोच, गळा तोच, आणि अंतर मात्र केवढें! जें मुळांतच नाहीं तें कितीही महाग यंत्र आणून देऊं शकत नाहीं.

आतांच्या ध्वनिमुद्रणांत रेघ कोरीत नाहींत, आंकडे लिहितात. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर आवाजाची लाट दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून ठेवलेली असते. हा आंकडा वरवर विचित्र दिसतो, पण त्यास कारण आहे. मनुष्याचा निरोगी तरुण कान सेकंदास २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि कोणतीही लाट पुन्हा जशीच्या तशी उभी करावयाची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक मापें घ्यावीं लागतात. डाव्या-उजव्या कानांचीं मापें मिळून सेकंदास सुमारें चौदा लक्ष बिट होतात. एवढें ओझें दूरवर धाडणें त्या वेळीं फार जड जाई. म्हणून जर्मनींतील संशोधकांनीं, ज्यांत कार्लहाइन्ज ब्रांडेनबुर्ग हे प्रमुख होते, एक युक्ति काढली. देवळांतील घंटा वाजत असतां मनगटावरील घड्याळाची टिकटिक ऐकूं येत नाहीं; मग त्या क्षणापुरती ती टिकटिक लिहून तरी कां ठेवावी? मोठ्या स्वराच्या आड जो लहान स्वर लपतो तो गाळावा, म्हणजे ओझें हलकें होतें. एमपीथ्री म्हणतात ती हीच रीत. तिचें प्रमाण १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. १२८ किलोबिटच्या फाईलींत मूळ आंकड्यांचा सुमारें अकरावा हिस्साच उरलेला असतो. ही युक्ति पारखतांना ब्रांडेनबुर्ग यांनीं सुझान व्हेगा या गायिकेचें, कोणत्याही वाद्याची साथ नसलेलें, एक गाणें पुनःपुन्हा ऐकलें. एकट्या उघड्या कंठांत दोष लपत नाहींत, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आमच्याकडे अशा परीक्षेस टाळांसारखी वस्तु नाहीं. टाळेचा आघात एकदम होतो आणि त्याचा झंकार फार उंच कंपनांचा असतो. काटकसर मर्यादेबाहेर केलेल्या फाईलींत, विशेषतः ६४ किलोबिटच्या आंत-बाहेरील एमपीथ्रींत, अगदीं उंच कंपनें बहुधा छाटलेलीं असतात आणि टाळ पाण्याखालीं वाजावे तसे भुरकट वाजतात. भजनाची एकच फाईल अशी बारीक व जाड दोन्ही प्रकारें ऐकली, कीं भेद चटकन् ध्यानांत येतो. मात्र २५६ किंवा ३२० किलोबिटच्या फाईलींत आणि मूळ मुद्रणांत भेद ओळखणें भल्याभल्यांस साधत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां प्रत्यक्ष फोनकडे वळूं. त्यांतील स्पीकर बोटाच्या पेराएवढा. खालचे स्वर उमटविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि एवढ्याशा पडद्यानें ती हलणार कशी? सेकंदास शंभराच्या खालील कंपनें तर या स्पीकरांतून जवळजवळ निघतच नाहींत. याचा परिणाम काय होतो तो ज्यांस त्रितालाचा ठेका ठाऊक आहे त्यांनीं करून पाहावा. "धिं" आणि "तिं" या दोन बोलांत भेद आहे तो डग्ग्याच्या घुमाऱ्याचा. भरींत डग्गा बोलतो, आणि खाली आली कीं "तिं तिं ता" या बोलांवर तो मुका होतो. त्याच्या मौनावरूनच गाणारा खाली ओळखतो. फोनच्या उघड्या स्पीकरवर डग्ग्याचा घुमारा मुळांतच इतका क्षीण होतो, कीं बोलणें व मौन यांतला भेद पुसट होऊन जातो. शाई लावलेल्या तबल्याचा टणत्कार मात्र स्पष्ट येतो. (या शाईमुळेंच तबल्याचे व मृदंगाचे उपस्वर तंतुवाद्याच्या उपस्वरांसारखे सुसंगत होतात, हें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं दाखवून दिलें होतें, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं तो विषय जरूर पाहावा.)

गायनवर्गांतील एक मुलगी घरीं रोज फोनवर ठेका लावून मेहनत करीत असे, आणि वर्गांत खऱ्या तबल्याबरोबर गावयास बसली कीं खालीच्या जागीं हटकून अडखळत असे. तिच्या मेहनतीविषयीं कोणासही शंका नव्हती. तिच्या आईस तर वाटूं लागलें होतें कीं मुलीस तालाचें अंगच नाहीं, गाणें सोडवावें हें बरें. एके दिवशीं तिनें आपला फोनच आणून आम्हांस ऐकविला तेव्हां उलगडा झाला. त्या ठेक्यांत खाली जवळजवळ ऐकूंच येत नव्हती; मुलगी सहा महिने बोटांवर मात्रा मोजून गात आली होती. घरांतल्या जुन्या टेप-रेकॉर्डरच्या पेटीस तार जोडून तोच ठेका वाजविला, आणि डग्गा बोलूं लागला. ती मुलगी यंदाच्या संमेलनांत गायिली.

तंबोऱ्याचेंही असेंच, पण त्यांत एक मौज आहे. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ कंपनें करते. हा मूळ स्वर फोनच्या स्पीकरमधून निघत नाहीं. तरी आपणांस खर्ज ऐकूं येतो! कारण त्या तारेचे उपस्वर, म्हणजे सुमारें १३८, २०८, २७७ असे ६९ च्या पटींतले स्वर, फोनमधून कमीअधिक प्रमाणांत निघतात, आणि त्यांच्यामधील सारखें अंतर पाहून आपला मेंदूच हरवलेला मूळ स्वर भरून काढतो. म्हणून फोनवरील तंबोऱ्याबरोबर गाणारा बेसूर होईल असें नाहीं. पण खऱ्या तंबोऱ्याच्या भोपळ्यास कान लावला असतां अंगांत जो गंभीर नाद भरतो, तो येथें नाहीं. आणि ज्यानें तो एकदांही ऐकला नाहीं, त्यास आपण काय गमावलें हें कळणारही नाहीं. फोनची पारख करूं इच्छिणाऱ्यानें आधीं एखादें वाद्य प्रत्यक्ष जवळ बसून ऐकावें असें आम्ही म्हणतों तें याकरितांच. ज्याचें मूळ पाहिलें नाहीं त्याची नक्कल कशी तपासणार?

कित्येक मुलें फोन स्टीलच्या पेल्यांत उभा करतात व आवाज वाढला म्हणून खूष होतात. पेला आपल्या आवडीचे कांहीं स्वर तेवढे उचलून धरतो, बाकीच्यांस विचारीत नाहीं. वाढदिवसाच्या गाण्यास तो चालेल. पारख करण्यास नको.

इयरफोनची गोष्ट निराळी. त्यांतील पडदा फोनच्या स्पीकरहूनही लहान असतो, तरी तो कानाचें भोंक बंद करून बसतो आणि त्यास मधली चिमूटभर हवाच हलवावयाची असते. म्हणून त्यांत डग्गाही घुमतो व खर्जही लागतो. मात्र तो नीट बसला पाहिजे. ऐकतांना इयरफोन बोटानें हलकेंच दाबावा. दाबल्याबरोबर खालचे स्वर वाढले तर तो सैल बसला होता असें समजावें, आणि त्याबरोबर आलेल्या रबरी टोप्यांपैकीं दुसरी बसवून पाहावी. आम्हीं पाहिलेल्या "वाईट" इयरफोनांपैकीं निम्मे तरी केवळ सैल होते. ब्लूटूथच्या बिनतारी इयरफोनांत गाणें हवेंतून धाडण्याआधीं बहुधा पुन्हा एकदां आवळलें जातें. पण चांगल्या यंत्रांत त्याचा उपद्रव सहसा जाणवत नाहीं.

राहतां राहिला फोनच्या पोटांतील तो भाग, कीं जो आंकड्यांची पुन्हा विजेची लाट करतो. जाहिरातींत याचाच डांगोरा अधिक. परंतु आजच्या साध्या फोनांतही हें काम इतकें बिनचूक होतें, कीं त्यासाठीं दुप्पट किंमत मोजणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. पालकांनीं गाण्यासाठीं पैसा खर्च करावयाचाच तर तो चांगल्या इयरफोनवर अगर खोलींत ठेवण्याच्या साधारण मोठ्या स्पीकरवर करावा.

आमच्या या म्हणण्यावर नववीच्या मुलांनीं विश्वास ठेविला नाहीं, व तें योग्यच केलें. त्यांनीं रीतसर प्रयोग करण्याचें ठरविलें. फोनमधील आवाज रंगविण्याच्या साऱ्या सोयी बंद केल्या. एकच इयरफोन, आवाज सारखा, ऐकणाऱ्याची पाठ फोनांकडे, आणि कोणता फोन लावावयाचा हें नाणें उडवून ठरवावयाचें. प्रत्येकानें दहा वेळां उत्तर द्यावें. येथें गणिताचा उपयोग झाला. नुसत्या अंदाजानें उत्तरें दिलीं तर बरोबर-चूक मिळून १,०२४ प्रकार संभवतात. त्यांपैकीं नऊ किंवा दहा उत्तरें बरोबर असण्याचे प्रकार अवघे अकरा. म्हणून नऊ बरोबर आलीं तर कान खरा म्हणावा. आठ किंवा त्याहून अधिक येण्याचे प्रकार छप्पन्न, म्हणजे शंभरांत पांच. तेवढ्यावर पैज लावूं नये.

दोन फोनांच्या परीक्षेंत कोणासही सातांहून अधिक गुण मिळाले नाहींत. नंतर एकाच फोनवर त्या भजनाची बारीक व जाड अशा दोन फाईलींची परीक्षा घेतली, तींत बहुतेकांस नऊ किंवा दहा मिळाले; टाळांनीं सर्व उघड केलें. नव्या फोनच्या धन्यास मात्र पांच मिळाले. वर्गांत तोच गाण्याचा जाणकार समजला जाई. तो गोंधळून गेला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही गोंधळलों. चौकशी करतां कळलें, कीं तो त्याच सकाळीं गांवाहून एस. टी. नें आला होता. तीन तासांच्या प्रवासांत एंजिनाची घरघर ऐकूं येऊं नये म्हणून त्यानें कानांत इयरफोन घालून आवाज शेवटच्या पायरीपर्यंत चढविला होता. उतरल्यावर कान दडे बसल्यासारखे झाले होते व आंत बारीक किरकिर चालली होती. तें नेहमींचेंच म्हणून त्यानें कोणास सांगितलें नव्हतें.

कानाच्या आंत शंखाच्या आकाराची एक पोकळी आहे. तींत सुमारें पंधरा हजार केसाळ पेशी असतात, आणि आवाजाच्या लाटेनें त्या डोलल्या म्हणजे मेंदूस संदेश जातो. फार मोठ्या आवाजानें त्या थकतात, व कांहीं काळ बारीक स्वर, विशेषतः उंचावरील, ऐकूं येईनासे होतात. विश्रांति मिळाली कीं बहुधा त्या सांवरतात. पण मेलेली पेशी मनुष्याच्या कानांत पुन्हा उगवत नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत याहूनही अधिक आढळलें: ऐकूं येणें पूर्ववत् झाल्यावरही त्या पेशींस मज्जातंतूंशीं जोडणारे कित्येक सांधे कायमचे तुटलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसांस आठवड्यांत ४० तास ८० डेसिबलपर्यंत, आणि मुलांस तितकेच तास ७५ डेसिबलपर्यंत अशी मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढीस वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलानें ८४ डेसिबलवर ऐकलें तर आठवड्यास पांचच तास. आणि इयरफोन पूर्ण आवाजावर शंभर डेसिबलच्या घरांत सहज जातो, तेथें हिशेब मिनिटांवर येतो. कांहीं फोनांत हा हिशेब आपोआप ठेवण्याची सोय असते. पालकांनीं ती मुलांकडूनच शोधून घ्यावी.

त्या मुलास त्याच्या वडिलांनीं कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. सुदैवानें कायमची इजा आढळली नाहीं. दहा दिवस त्यानें इयरफोन घातला नाहीं, आणि नंतर तीच टाळांची परीक्षा पुन्हा दिली, तेव्हां नऊ उत्तरें बरोबर आलीं. आतां तो घरांतल्या शांत खोलींत बसून आवाज बेताचा लावतो, ती पायरी लक्षांत ठेवतो, आणि एस. टी. त बसल्यावर त्या पायरीच्या वर जात नाहीं. एंजिनाच्या घरघरींत गाणें बुडूं लागलें तर फोन खिशांत घालून खिडकीबाहेर पाहत बसतो, असें त्याची आई परवां सांगत होती.